चैत्रगौरीचं हळदीकुंकू: तळण नको, आरास मात्र देखणी हवी

चैत्रपालवी

यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू माझ्याकडे आहे. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. इमारतीतल्या, ऑफिसातल्या आणि साबांच्या (म्हणजे सासूबाईंच्या) भिशीतल्या अशा मिळून चाळीसेक जणी येतील. फ्लॅट पुण्यातला, म्हणजे हॉल दहा बाय पंधरा, आणि त्यात आरास, माणसं, चपला सगळंच मावायला हवं.

गेली काही वर्षं मी जिथे जिथे जातेय तिथे बटाटेवडा किंवा सामोसा, ढोकळा, आइस्क्रीमचा कप, आणि ताटलीच्या कडेला नावापुरती चमचाभर आंबेडाळ असा थाट असतो. पन्हं सिरपच्या बाटलीतलं. त्या हिरव्यागार रंगावरूनच कळतं. साबांना नुकताच मधुमेह निघालाय, समोरच्या काकूंना आधीपासून आहे, आणि उन्हाळ्याचं तळण मलाही सोसत नाही. त्यामुळे केटररला यंदा सुट्टी.

माझे प्रश्न:
डाळ सकाळी वाटून ठेवली तर संध्याकाळपर्यंत टिकते का? पन्हं कमी गोड केलं तर नुसतं आंबट पाणी लागतं, त्यावर उपाय काय? ऑफिसातून थेट येणाऱ्यांना एवढं पुरेल का? आणि आरास डायनिंग टेबलावर करायची तर पायऱ्या कशाच्या करू? थर्माकोल वापरायचं नाहीये.

लेक चौथीत आहे. तिच्या हाताला काहीतरी काम हवंय, नाहीतर ती माझ्या हाताला लावेल.

---

आजोळ

पालवी, तू 'हेल्दी काय ठेवू' विचारतेयस खरी, पण या हळदीकुंकवाचा मूळ बेतच बिनतळणाचा आहे गं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड, काकडी. यात कढई कुठे आली? फोडणीपुरती काय ती पळी. आपणच पुढे त्यात वडे घुसवले.

गौर चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यावर बसते ती थेट अक्षय तृतीयेपर्यंत. महिना असतो हातात. या दिवसात कैऱ्या आलेल्या असतात, नवा हरभरा घरात असतो, कलिंगडं उतरलेली असतात. जे दारात आहे तेच सवाष्णीच्या ओटीत आणि वाटीत घालायचं, एवढा साधा हिशोब होता तो.

डाळ सांगते, नीट वाच. हरभऱ्याची डाळ चार तास भिजली की पुरे. रात्रभर भिजवलीस तर पाणी धरते आणि वाटल्यावर पिठलं होतं. भिजली की चाळणीत अर्धा तास निथळू दे, मग फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपून घे. मिक्सर सलग फिरवायचा नाही. झटका द्यायचा, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा झटका. पाण्याचा थेंब घालायचा नाही. चिमटीत धरून पाहिलं तर रव्यासारखी लागली पाहिजे आणि मध्येच एखादी अर्धी डाळ दाताखाली आली पाहिजे. मिरच्या आणि मीठ डाळीबरोबर वाटून घेतलेलं चालतं. कैरी मात्र किसून, वरून. आधी चाखून बघ, एकेक कैरी जीभ सोलते. नारळ ओला, मोकळा खवलेला.

फोडणीला तेल हात आखडून नको, नाहीतर डाळ कोरडी लागून घशात अडकते. मोहरी, हिंग जरा जास्त, हळद, सुक्या लाल मिरच्या. आणि ही फोडणी पूर्ण गार झाल्यावरच डाळीवर ओतायची. गरम ओतलीस तर खालची डाळ शिजल्यासारखी होते आणि कच्च्या डाळीची मजा जाते.

---

रंगपेटी

आजोळताई, "नाहीतर पिठलं होतं" हे अगदी आमच्या आईच्या स्वरात वाचलं!

आराशीबद्दल रात्री निवांत लिहिते. जागा राखून ठेवतेय.

---

वजनकाटा

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून पन्ह्याबद्दल बोलायचा मोह आवरत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. 'साखर नाही, गूळ घातलाय' असं सांगून मधुमेही बायकांच्या हातात पेला दिला जातो. गुळात आणि साखरेत उष्मांकांचा फरक उन्नीस-बीस. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात आणि चव खमंग असते, पण रक्तातली साखर तो तितक्याच उत्साहाने वाढवतो. गूळ जरूर घाला, पण चवीसाठी घाला.

आता हिशोब. पाच लिटर तयार पन्ह्यात किलोभर साखर असेल तर १०० मिलीच्या पेल्यात २० ग्रॅम जाते, म्हणजे चहाचे पाच चमचे. बहुतेक घरी पेला दीडशे-दोनशे मिलीचा असतो आणि आग्रहाचा दुसराही होतो. साखर अर्ध्या किलोवर आणली आणि पेला छोटा ठेवला की प्रत्येकीच्या पोटात अडीच चमचे जातात. 'नुसतं आंबट पाणी' होऊ नये म्हणून: कैरी फार आंबट घेऊ नका, गर थोडा सढळ हाताने घाला म्हणजे पन्ह्याला दाटपणा येतो, मीठ विसरू नका (मिठाने गोडी वर येते), आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. वेलची-केशराचं पन्हं गोडाची अपेक्षा निर्माण करतं. जिरं आणि पुदिन्याचं तशी करत नाही. साबांसाठी एक जग बिनसाखरेचा जिरं-पुदिना-सैंधवाचा वेगळाच करा आणि त्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे कुणाला चारचौघीत विचारावं लागणार नाही.

कलिंगडाला लोक उगाच घाबरतात. १०० ग्रॅमला साधारण ६ ग्रॅम साखर असते, बाकी बहुतांश पाणीच. वाटीभर खाल्लं तर काही बिघडत नाही. अर्धं कलिंगड एकटीने संपवलं तर ती गोष्ट वेगळी.

डाळ आणि हरभरे आधी द्या, पन्हं नंतर. रिकाम्या पोटी गोड पेय जाण्यापेक्षा पोटात आधी डाळीची प्रथिनं आणि चोथा गेलेला बरा. कच्चे भिजवलेले हरभरे काही जणींना बाधतात, पोट फुगतं. ओटीत कच्चेच द्या, पण खायला द्यायचे असतील तर कुकरमध्ये एक-दोन शिट्ट्या काढून, वर लिंबू, मिरची, कैरीचा कीस घाला.

---

बेळगावचा_बाळू

पुरुषाने इथं तोंड घातलं तर चालेल ना? आमच्या घरी हळदीकुंकवाच्या दिवशी बाबा आणि मी बाहेरच्या कट्ट्यावर असायचो, पण कैऱ्या किसायचं काम आमच्याकडेच असायचं, त्या अधिकारात लिहितोय.

हरभऱ्याची डाळ जड वाटते त्यांच्यासाठी कोसंबरी करा. कर्नाटकात रामनवमीला पानक आणि कोसंबरी घरोघरी असते, बेळगावात मराठी घरांतही सर्रास. मुगाची डाळ तासभर भिजवायची, फार तर दोन तास. वाटायची नाही. निथळून त्यात बारीक चिरलेली काकडी, ओलं खोबरं, कैरीचा कीस किंवा लिंबू, कोथिंबीर, आणि वर मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. मीठ मात्र वाढायच्या अगदी आधी. आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि वाटीत तळं साचतं.

पानक म्हणजे गुळाचं पाणी, त्यात सुंठ, मिरी, वेलची आणि लिंबू. पन्ह्यापेक्षा खूप पातळ, गूळ नखभरच लागतो कारण सुंठ-मिरी काम करतात. कैऱ्या महाग असतील त्या वर्षी आमच्याकडे हेच व्हायचं.

---

खाबूमामी

सगळ्यांचं वाचलं. आता कडू बोलू का?

ऑफिसातून साडेसहाला निघून ट्रॅफिकमधून घामाघूम आलेल्या बाईला चमचाभर डाळ, मूठभर हरभरे आणि अडीच चमचे साखरेचं पन्हं? ती खाली उतरून पहिल्या गाडीवर वडापाव खाईल. मी स्वतः खाल्लाय. यजमानीण म्हणते 'साधंच केलंय हं', आणि आपण घरी जाऊन भाताचा कुकर लावायचा. आरोग्य वगैरे ठीक, पण बोलावलेल्या माणसाचं पोट भरलं पाहिजे. बटाटेवडा नको तर नको, पण पोटभरीचं एक तरी हवंच.

---

आजोळ

खाबूमामी, हळदीकुंकू म्हणजे जेवणावळ नव्हे. पूर्वी एका संध्याकाळी सात घरी जायचं असायचं, प्रत्येक घरी पोट भरलं असतं तर तिसऱ्या घरानंतर वाटेतच बसावं लागलं असतं. म्हणून वाटी लहान.

---

खाबूमामी

मान्य, पण आता सात घरी कोण जातं? एकच घर, तेही स्विगीच्या वेळेत.

---

सागरगोटी

दोघींचंही खरं आहे आणि उत्तर रत्नागिरीत आहे: दडपे पोहे.

गॅस फक्त फोडणीला. पातळ पोहे, खवलेला नारळ, त्याच नारळाचं पाणी, कैरीचा कीस, मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर. कांदा बारीक चिरून, पण कुणी खात नसेल तर त्याशिवायही छान होतात, काकडी घाला. सगळं हाताने कालवून वर ताट आणि ताटावर वजन ठेवून पंधरा-वीस मिनिटं दडपायचं. वरून फोडणी, आणि ताटलीत वाढताना भाजलेला पोह्याचा पापड चुरून. तळलेला नको, गॅसवर भाजलेला खरपूस लागतो.

चाळिसांसाठी एक किलो पातळ पोहे आणि तीन मोठे नारळ. पण एकदम कालवू नका! अर्धे साडेपाचला, उरलेले सातला. तासाभरात ते ओलसर गोळा व्हायला लागतात. कोरडं साहित्य मिसळून डब्यात ठेवा, नारळ-कैरी-काकडी वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये.

---

खाबूमामी

दडपे पोहे असतील तर मी पण येते. पत्ता?

---

संत्राबर्फी_नागपूर

टिकण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे या दिवसात पारा ४२-४३ ला असतो, त्यामुळे हे आमच्या अंगवळणी पडलंय.

पालवी, डाळ सकाळी वाटायची असेल तर वाट, पण वाटल्याबरोबर फ्रिजमध्ये. त्यात कैरी, नारळ, फोडणी काहीही घालू नको, ते पाचला. भिजवलेली कच्ची डाळ उन्हाळ्यात बाहेर राहिली की तिला आंबूस वास येतो, बोट लावलं तर तार सुटते. ओला नारळ तर त्याहून नाजूक. सर्वसाधारण नियम असा की असले पदार्थ बाहेर दोन तासांहून जास्त नकोत, आणि खोलीतच ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. चिरलेल्या कलिंगडालाही हेच लागू.

म्हणून टेबलावर एकच मोठं पातेलं मांडून तीन तास सगळ्यांनी त्यातून घ्यायचं, असं करू नको. वाडगा लहान, तो परातीतल्या बर्फावर, संपला की फ्रिजमधून दुसरा भरलेला आणायचा. जुन्यात नवं ओतायचं नाही. पन्ह्याचा मूळ अर्क, म्हणजे गर आणि गूळ, आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेव, पाणी माठातलं गार घाल. बर्फ घातला की पन्हं पाणचट होत जातं. माठात थोडा वाळा टाकला तर पाण्यालाच असा वास येतो की अर्धी दाद तिथेच मिळते.

आराशीतलं कोरलेलं कलिंगड हे बघायचं कलिंगड. खायचं वेगळं, आत फ्रिजमध्ये. ते दोन्ही एक करू नये.

---

रंगपेटी

आले. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

पायऱ्या: डायनिंग टेबल भिंतीला लावून घे. मागच्या बाजूला जाडजूड पुस्तकं किंवा स्टीलचे सारख्या उंचीचे चौकोनी डबे, तांदळाने भरलेले, म्हणजे हलत नाहीत. त्यावर लाकडी पाट किंवा कपाटातली सुटी फळी. पुढे एक पायरी कमी उंचीची, तिच्या पुढे टेबलाचा पृष्ठभाग. तीन पातळ्या पुरतात. वर इरकल किंवा नारायणपेठी पसर, काठ पुढच्या कडेला येईल असा. पैठणी नको, हळद सांडली की रडायची वेळ. मागे भिंतीवर साडीच लावायची तर एकरंगी. बायका काठापदराच्या साडीवर काठापदराची साडी लावतात आणि मधली एवढीशी गौर हरवून जाते.

गौर सगळ्यात वर, पितळी झोपाळ्यात. आमच्याकडे अन्नपूर्णाच बसवतात. तिच्या डोक्यामागे काही चकचकीत नको. समया दोन्ही बाजूंना, पण साडीपासून हातभर लांब, आणि पंखा चालू असणारच तर खाली ताटल्यात तेलाचे दिवे लावण्यापेक्षा एकच समई नीट तेवती ठेवलेली बरी. चाळीस जणींचे पदर त्या टेबलावरून जाणार आहेत हे विसरू नको.

कलिंगडाचं कमळ: गोल नको, लांबट आणि घट्ट सालीचं निवड. बुडाची साल पातळ चकतीएवढी काप म्हणजे ते बसतं, पण लाल गरापर्यंत जाऊ नको, नाहीतर रात्रभर पाणी गळत राहतं. मध्यावर पेनाने फिकट रेघ मार. लहान टोकदार सुरी तिरकी खुपसायची, थेट मध्यापर्यंत, मग उलटी तिरकी, अशी नागमोडी पूर्ण फेरी. दोन्ही हातांनी हलकं पिळलं की वरचा भाग सुटून येतो. पाकळ्यांची टोकं जरा बाहेरच्या बाजूला वाकव, सालीच्या आत पांढऱ्या भागाला समांतर एक काप दिला की दुहेरी पाकळी दिसते. दुपारी तीननंतरच कर आणि मांडेपर्यंत ओल्या फडक्यात झाकून ठेव. पिकलेलं मऊ कलिंगड असेल तर पाकळ्या तुटतात, हे फळवाल्याला 'कोरायला हवंय' असं सांगूनच घे.

लेकीला काम: कैरीचे पोपट. बाकदार टोकाची लहान कैरी, टोक म्हणजेच चोच. डोळ्याला लवंग टोचायची, चोचीला कुंकवाचं बोट, शेपटीला आंब्याचं लांब पान देठाशी काडीने टोचायचं, गळ्याला काळा दोरा. आठ-दहा पोपट केले की झोपाळ्याच्या दांडीवर, कलिंगडाच्या कडेला, जिथे मोकळं दिसेल तिथे बसवता येतात. दुसऱ्या दिवशी लवंग काढून त्याच कैऱ्यांचा मेथांबा. चौथीतल्या मुलीला सुरी न देता दोन तास गुंतवायचं दुसरं साधन मला माहीत नाही.

फुलं: मोगऱ्याचे गजरे सकाळी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, डबा फ्रिजमध्ये, पण कांदा-लसणापासून लांब. पाण्यात बुडवून ठेवू नको, पाकळ्या तपकिरी होतात.

चैत्रांगण: अंगण नाही म्हणून रडू नको. प्लायवूडचा तुकडा, दीड फूट बाय दोन फूट, त्यावर गेरू लावून वाळव. गुळगुळीत फरशीवर रांगोळी घसरते, गेरूवर छान बसते. वर गौर झोपाळ्यात, मग सूर्य-चंद्र, शंख-चक्र-गदा-पद्म, गोपद्मं, तुळशीवृंदावन, स्वस्तिक, नाग, कासव, हत्ती, मोर, फणी-करंडा, आरसा. पूर्ण काढायचं तर पन्नासच्या वर चिन्हं होतात, पण घरोघरची यादी वेगळी. साबांना विचार, त्यांच्या आईकडची कुठली होती. हा तुकडा दाराशी उभा तिरका ठेवता येणार नाही, रांगोळी ओघळेल. आडवाच, चपलांच्या वाटेपासून दूर.

---

चैत्रपालवी

रंगपेटी, _/\_ . कैरीचे पोपट ऐकून लेक आत्ताच मंडईत चल म्हणतेय.

---

कागदीफूल

थर्माकोलचं: ते टाळणं आवडीपुरतं राहिलेलं नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी आहे, आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचं थर्माकोल हे सगळंच बंदीत आलं. तरी दुकानात मागच्या दाराने मिळतं म्हणून लोक आणतात.

द्रोण पळसाचे घ्या, पण घेताना उलटे करून काड्या टोचलेल्या बघा, सुट्या असतील तर पन्हं सोडाच, डाळीचं तेलही गळतं. पन्ह्याला स्टीलचे छोटे पेले. चाळीस पेले घरात नसतात, पण तीन शेजारणींकडे मिळून असतातच. खाली नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा म्हणजे परत करताना भांडणं नकोत. :)

---

न्यूजर्सीकरीण

तुमचं माठातलं पाणी आणि वाळा वाचून इथे स्वेटर घालून बसलेली मी हसतेय. आमच्याकडे चैत्रगौर येते तेव्हा पहाटे गाडीच्या काचेवर दहिवर असतं कधीकधी. पन्हं प्यायल्यावर अर्ध्या बायका हळूच विचारतात, 'चहा आहे का गं?' म्हणून आलं-गवती चहाचा थर्मास पन्ह्याच्या शेजारीच ठेवते, लपवाछपवी नाही.

इथल्या मैत्रिणींसाठी काही गोष्टी: कैरी ताजी मिळाली नाही तर इंडियन स्टोअरमधली गोठवलेली किसलेली कैरी डाळीला चालते, पण आधी पिळून घ्या, फार पाणी सुटतं. ओटीला काळे हरभरेच घ्या, काबुली चणे ओटीत विचित्र दिसतात. मोगरा नाही, मग ट्युलिप आणि डॅफोडिल. पिवळी डॅफोडिल पितळेच्या तांब्यात इतकी सुंदर दिसतात की मोगऱ्याची आठवण कमी होते (जात नाही). गौर फायरप्लेसच्या फळीवर बसते, शेगडी अर्थातच बंद. आणि वार शुक्रवार-मंगळवार वगैरे नाही, शनिवार दुपार. मुलं आणि नवरे यांच्यासकट. त्यामुळे माझ्याकडे दडपे पोहे नक्की.

---

आखाजी

खानदेशातून हजेरी. आमच्याकडे गौराईचा खरा थाट आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. माहेरवाशिणी, झाडाला झोके, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. त्या दिवशी आरोग्याचा विषय काढायचा नाही एवढाच आमचा नियम. पालवी, तुझ्या बेताला शुभेच्छा!

---

निंबोणी

एक विचारू? जरा वेगळा मुद्दा आहे. माझी आई पाच वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाला जात नाही, कारण बोलावणंच येत नाही. पालवी, तुझ्या इमारतीतल्या अशा काकू-आज्यांना बोलावणार आहेस का?

---

चैत्रपालवी

हो. यादीत पहिल्यापासून आहेत. साबांशी बोलले, त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंना मीच जाऊन सांगते, तुझ्या मेसेजवर त्या यायच्या नाहीत."

---

आजोळ

बरं केलंस. हळद-कुंकू नको असेल ती अत्तर-गुलाबपाणी, गजरा आणि ओटीतले हरभरे घेईल. मी गेली कित्येक वर्षं कुणालाच वेगळं विचारत नाही, तबक पुढे करते, ज्याला जे हवं ते तो घेतो. निंबोणी, आई कुठे असते? पुण्यात असेल तर माझ्याकडे पाठव.

---

निंबोणी

सांगलीला. पण तुमचा निरोप देते. :)

---

चैत्रपालवी

तर ठरलेला बेत असा: आंबेडाळ एक किलो डाळीची. कोसंबरी पाव किलो मुगाची, साबा आणि पचनाची तक्रार असणाऱ्यांसाठी. दडपे पोहे दोन हप्त्यांत. पन्हं अर्धा किलो गुळाचं, दीड किलो कैऱ्या, पाच लिटर. शिवाय बिनसाखरेचा एक जग. दीड किलो हरभरे ओटीला, आदल्या रात्री भिजवणार, सकाळी उपसून फडक्यात. खायचं कलिंगड वेगळं, कोरायचं वेगळं. काकडीच्या फोडींना फक्त मीठ आणि लिंबू. आइस्क्रीम नाही. नवऱ्याने हळूच विचारलं, 'वडेपण नाहीत?' त्याला कैऱ्या किसायला बसवणार आहे, बाळूच्या प्रतिसादाचा दाखला देऊन.

वजनकाटा, बिनसाखरेच्या जगात कृत्रिम गोडी घालू का?

---

वजनकाटा

नको. साबा जिरं-पुदिन्याच्या चवीला दोन घोटात सरावतात. गोड लागलंच पाहिजे हा हट्ट त्या पेल्यापुरता सोडून द्या. आणि चिठ्ठीवर 'मधुमेहींसाठी' लिहू नका, नुसतं 'जिरा-पुदिना' लिहा. सगळ्याच तो पितील, बघा. थोडा जास्त करा.

---

संत्राबर्फी_नागपूर

हरभरे उपसल्यावर फडक्यात बांधून बाहेर ठेवलेस तर संध्याकाळपर्यंत मोड डोकावतील. ओटीला चालतं, उलट गोड दिसतात. पण चिकट होऊ देऊ नको, दुपारी एकदा धू.

---

चैत्रपालवी

शेवटचा प्रश्न. दोन कलिंगडांची साल उरणार, आणि कोरलेल्याचा गर संध्याकाळभर बाहेर राहिलेला असणार. टाकवत नाही.

---

कारवारी

कोरलेल्यातला गर नका खाऊ, वर लिहिलंय ते बरोबर आहे, झाडांना घाला. पण आत फ्रिजमध्ये असलेल्या कलिंगडाची साल टाकलीत तर आमच्याकडे पाप लागतं. तिचे पोळे करतात.

बाहेरचं हिरवं साल सोलून काढायचं, आतला पांढरा भाग ठेवायचा, थोडी गुलाबी कड राहिली तर चालेल. दोन वाट्या तांदूळ तीन-चार तास भिजवून, तेवढेच सालीचे तुकडे आणि मूठभर ओलं खोबरं घालून वाटायचं. पाणी जवळजवळ लागतच नाही, साल स्वतःच सोडते. मीठ आणि लहानसा गुळाचा खडा. रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी फुगतं. तव्यावर जाडसर घालायचे, झाकण ठेवून एकाच बाजूने भाजायचे, उलटायचे नाहीत. जाळी सुंदर पडते. लोण्याबरोबर.

---

खाबूमामी

शनिवारी सकाळी पण येऊ का?

---

चैत्रपालवी

या की! पण येताना चार पेले घेऊन या, कमी पडतायत.